काकूंचा नाताळ, आमचं टेबल

यंदाचा नाताळ काकूंच्या घरी होणार नाही, हे नोव्हेंबरातच ठरून गेलं होतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. वॉकर धरून हॉलपर्यंत येतात, पण ओट्याशी उभं राहायला डॉक्टरांची मनाई. आमची आणि त्यांची मधली भिंत एकच. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे फराळाचा डबा जातो आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात त्यांच्याकडून आमच्याकडे येतो. त्यातही करंज्या, चकल्या, अनारसेच असतात, फक्त वरच्या कप्प्यात केक. काकू मूळच्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या. अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती संस्थेचं काम तिथे १८३१ पासूनचं. त्या मुलखातल्या कितीतरी मराठी घरांत नाताळ पिढ्यान् पिढ्या फराळासकट साजरा होत आला आहे. अहिल्यादेवींच्या माहेरच्या जिल्ह्यातून आपण त्यांच्या सासरच्या मुलखात, इंदूरला, आलो, हे काकू अजूनही अभिमानानं सांगतात.

"पंचवीस तारखेची रात्र आमच्याकडे," मी सांगून टाकलं.

"अगं, दोन्ही घरं मिळून दहा माणसं होतात."

"होऊ देत की."

डिसेंबर लागला की इंदूरच्या बाजारात लाल टोप्या, कापसाचा बर्फ, चमकी लावलेले थर्माकोलचे हरिण येतात. मुलांना ते आवडतं, आणि आवडावंच. पण टेबल मांडायचं होतं काकूंसाठी, म्हणून मी आधी त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि विचारलं, तुमच्या लहानपणी पंचवीस तारखेचं जेवण कसं असायचं? त्या बराच वेळ बोलत होत्या. सारवलेली जमीन, दारात रांगोळी, आत दिवा सोडलेली कागदाची चांदणी, चर्चमधून आल्यावर झांजा घेऊन म्हटलेली मराठी भजनं, आणि मग पाटांवर पंगत. पितळी ताटं चिंचेनं घासून ठेवलेली. वडील प्रार्थना म्हणायचे आणि ती संपेपर्यंत कुणी पुरीला हात लावायचा नाही. त्या सगळ्या वर्णनात बर्फ कुठेच नव्हता. घरी परत येताना कापसाचा विचार माझ्या डोक्यातून गेलेला होता आणि टेबल निम्मं ठरलेलं होतं.

टेबल सजवायचं म्हटलं की लोक मधोमध काय ठेवायचं इथून सुरुवात करतात. मी खुर्चीपासून करते. ज्याला बसायला सगळ्यात कठीण जाणार आहे त्याची जागा पहिली ठरवायची, बाकीचं टेबल तिच्याभोवती आपोआप जुळत जातं. काकूंना खोल, मऊ खुर्ची चालत नाही. गुडघा फार वाकतो आणि उठताना आधार लागतो. हात असलेली, बसायला जरा उंच अशी खुर्ची आमच्याकडे एकच आहे, सासऱ्यांची लिहायची. ती टेबलाच्या टोकाला, वॉशबेसिनच्या बाजूला ठेवली. टोकाला अशासाठी की पाय लांब करता येतो आणि वॉकर शेजारी उभा राहतो, कुणाच्या पायात येत नाही. टोकाची जागा मानाचीही असते, ते बरंच झालं.

मग हिशेब. एका माणसाला कोपरं न लागता जेवायला किमान दोन फूट रुंदी हवी. आमचं टेबल पाच फुटी, सहा जणांचं. त्याला मुलाचं चार फुटी अभ्यासाचं टेबल जोडलं की नऊ फूट होतात, दोन्ही बाजूंना चार-चार आणि टोकांना एकेक, दहा बसतात. अभ्यासाचं टेबल दोन इंच ठेंगणं निघालं, तेव्हा कोपऱ्यावरच्या सुतारानं चार सागवानी ठोकळे कापून दिले. ते टेबल रुंदीलाही कमी आहे, म्हणून त्या बाजूला मुलं बसवली. समोरासमोरचं अंतर कमी असलं तर मुलांना हवंच असतं.

कापडासाठी मात्र मी मनापासून वेळ दिला. नऊ फुटांवर दोन्हीकडे फूटभर झोळ धरला तर साडेतीन मीटर कापड लागतं. आईची एक जुनी माहेश्वरी साडी होती, दुधी रंगाची, लाल काठाची. ती अंथरून पाहिली. फार सुंदर दिसली आणि मी ती परत घडी घालून ठेवली, कारण रेशमाचा धागा असलेल्या कापडावर मटणाचा रस्सा सांडला तर वाढणारीचंही लक्ष जेवणावर राहत नाही आणि सांडणाऱ्याचंही. पाहुण्याला जपून हालचाल करावी लागेल असं काहीही टेबलावर असू नये, याबाबत मी हट्टी आहे.

शेवटी बाग प्रिंटचं सुती कापड घेतलं. आमच्या इंदूरला लागून असलेल्या धार जिल्ह्यातल्या बाग गावचं हे काम. पांढऱ्या सुतावर लाल आणि काळा, लाकडी ठशांनी छापलेला. तुरटीच्या छपाईला अलिझरिनमध्ये उकळलं की लाल चढतो, लोखंडाच्या क्षारातून काळा येतो, उकळताना त्यात धायटीची फुलं टाकतात, आणि मग वाहत्या पाण्यात धुलाई. २००८ मध्ये या छपाईला भौगोलिक मानांकन मिळालं. नाताळचा लाल म्हणून बाजारात जो मिळतो तो चकचकीत असतो, दिव्याखाली डोळ्यांवर येतो. बागचा लाल विटेकडे झुकणारा आहे. पिवळ्या उजेडात तो उबदार दिसतो आणि त्यावर पितळ खुलतं. शिवाय हळदीचा डाग पडला तर ठशांच्या गर्दीत मिसळतो आणि धुतला की बराचसा जातो. त्या कापडाखाली जुनी चादर दुहेरी करून घातली. ताट ठेवल्याचा आवाज होत नाही आणि मनगटाला कडा टोचत नाही. ही चादर कुणाला दिसत नाही, पण तिच्याशिवाय मी टेबल मांडत नाही.

भरलेलं कापड घेतलं की वरची भांडी साधी हवीत. काकूंच्या आठवणीतली पितळी ताटं आमच्या माळ्यावर होती. सासूबाईंनी ती कल्हईवाल्याकडून करून घेतली, रस्शाच्या वाट्यांनाही कल्हई लावली, कारण आंबट पदार्थ उघड्या पितळेत कळकतो. बारा इंची ताट, प्रत्येकाला सव्वादोन फूट जागा. उरलेल्या पंधरा इंचांत पेला, नॅपकिन आणि श्वास घ्यायला मोकळी जागा.

इथे काटे-चमचे मांडायचे का, असं सुनेनं, म्हणजे काकूंच्या सुनेनं, फोन करून विचारलं होतं. पाश्चात्त्य टेबलाचे नियम मला येतात आणि आवडतातही. काटा डावीकडे, सुरी उजवीकडे आणि तिची धार ताटाकडे, जे आधी वापरायचं ते सगळ्यात बाहेर, पेला सुरीच्या टोकाच्या वर. आपल्या ताटालाही असाच नकाशा आहे. मीठ वर मध्यावर, डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर, म्हणजे बोटभर घ्यायच्या गोष्टी, उजव्या हाताला भाजी, आमटी, म्हणजे जिथे हात वारंवार जाणार त्या, समोर वरणभात. दोन्हींत जेवणाऱ्याच्या हाताचा विचार आहे. मटण-पुरीचं जेवण हातानं जेवायचं होतं, मग सुरी मांडून ती कुणाच्या उपयोगाची? उजवीकडे एक चमचा ठेवला, गोडासाठी. बस.

हे कमी ठेवण्याचं धैर्य मला इंदूरच्या माणिकबाग राजवाड्यानं दिलं. त्या वाड्यात आता कर खात्याचं कार्यालय आहे आणि जवळून जाणाऱ्या अनेकांना त्याची गोष्ट माहीत नसते. इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुविशारदाकडून तो घडवून घेतला. राजवाडा म्हणजे सोनेरी नक्षी, असं जग समजत असताना या माणसानं सरळ रेषा, काच, धातू आणि मोकळ्या भिंती मागितल्या. जेवणाची चांदीची भांडी पॅरिसच्या ज्याँ प्विफोर्का यांच्याकडून आली. त्यांच्या चमच्यांची छायाचित्रं मी पुष्कळ वेळ न्याहाळली आहेत. वेलबुट्टी नाही, फक्त आकार आणि वजन. वाड्यातलं पुष्कळसं सामान १९८० मध्ये मोनॅकोच्या लिलावात गेलं आणि आता जगभरच्या संग्रहांत विखुरलं आहे, याचं मला इंदूरकर म्हणून वाईट वाटतं. पण घासून लखलखीत केलेलं साधं पितळी ताट मोकळ्या जागेत ठेवलं की ते दिसतं, ही गोष्ट मी तिथूनच उचलली.

मधली सजावट मी बसलेल्या माणसाच्या हनुवटीखाली ठेवते. समोरचा दिसला नाही तर त्याच्याशी कोण बोलणार? उंच फुलदाण्या आधी बाद. रजनीगंधाही बाद, कारण तिचा वास रस्शाच्या वासाशी भांडतो. सुगंधी मेणबत्त्यांचंही तेच. त्याऐवजी मोरपंखीच्या फांद्या घेतल्या, शेजारच्या बागेतल्या. युरोपात नाताळला लावतात ती हॉलीची हिरवी डहाळी आपल्याकडे नाही, पण मोरपंखीचा हिरवा गडद आहे आणि तोडल्यावर दोन दिवस कोमेजत नाही. त्या कापडाच्या मधोमध सापासारख्या वळवत ठेवल्या, आणि मध्ये मध्ये संत्री. सासूबाई आणि मुलं दुपारभर संत्र्यांच्या सालीत लवंगा टोचत बसली होती. युरोपात नाताळला हे जुन्या काळापासून करतात. सुईनं आधी भोक पाडलं की लवंग मोडत नाही. कुणी चक्राकार टोचल्या, कुणी चांदणी काढली. हा वास जेवणाच्या आड येत नाही, संत्रं हातात घेतलं तरच येतो.

लाल रंगासाठी पॉइन्सेटिया. आपण ज्याला फूल म्हणतो ती खरं तर पानं. रात्री मोठ्या झाल्या की ती लाल होतात आणि मधली बारकी पिवळी ती फुलं. आमच्या गल्लीत दोन झाडं आहेत. एक रस्त्याच्या दिव्याखाली, त्याला पुरता अंधार मिळत नाही म्हणून ते नाताळातही हिरवंच असतं. दुसरं मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात, ते पेटल्यासारखं लाल. त्याचे तीन तुरे आणले, पण टेबलावर ठेवले नाहीत. त्याचा चीक हाताला लागून डोळ्यांत जाऊ शकतो आणि आमच्याकडे छोटी मुलं होती. देठाचं टोक ज्योतीवर धरलं की चीक थांबतो आणि तुरा टिकतो. तसं करून ते दाराजवळच्या तांब्यात ठेवले, येणाऱ्याला आधी दिसतील असे. वर दिवाळीचीच कागदी चांदणी पुन्हा टांगली. तिला काकूंनी आत येताच मान वर करून पाहिलं.

उजेडाबद्दल थोडं. ट्यूबलाइट चालू असेल तर कापड, पितळ, फुलं, सगळं फुकट जातं. आम्ही ती बंद केली, टेबलावरचा पिवळा बल्ब ठेवला, आणि चार जाड मेणबत्त्या. चारांना कारण आहे. नाताळच्या आधीच्या चार रविवारी एकेक मेणबत्ती जास्त लावत जाण्याची प्रथा आहे, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. मधोमध पांढरी लावायची ती नाताळला. ही प्रथा १८३९ मध्ये हॅम्बुर्गला योहान हिन्‍रिख विखर्न यांनी सुरू केली. त्यांच्या आश्रमातली मुलं रोज विचारायची, नाताळ कधी? त्या मुलांना दिवस मोजता यावेत म्हणून त्यांनी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या बसवल्या. काकूंकडे घरात असं चक्र ठेवतात, रिंगणातल्या चारही अर्ध्यामुर्ध्या जळलेल्या. काकूंच्या मुलानं ते जसंच्या तसं आमच्या टेबलावर आणून ठेवलं आणि मी आणलेल्या चार मेणबत्त्या खिडकीत गेल्या. तेच योग्य होतं. त्यांच्या घरात चार आठवडे जळलेली वात आमच्या टेबलावर पूर्ण होणार होती. शाली आणि लोकरीच्या बाह्या ज्योतीपासून लांब राहतील इतपत ते आम्ही मध्यावर सरकवलं. इंदूरच्या डिसेंबरात पंखा बंद असतो, त्यामुळे ज्योती सरळ राहतात, मेण एका बाजूला वाहत नाही.

आमच्या घरात मटण शिजत नाही. ते सुनेनं त्यांच्याकडे शिजवलं, मसाला काकूंनी खुर्चीत बसून सांगितला. सासूबाई त्याच टेबलावर जेवणार होत्या आणि दोन्ही म्हाताऱ्यांना एकमेकींजवळ बसायचं होतं. मी मटणाचं पातेलं टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, मुलांच्या बाजूला ठेवलं, स्वतंत्र पळीसह, आणि वाढणारी ठरवली सून. अलीकडच्या टोकाला मटाराची उसळ, वांग्याची भाजी, कोशिंबीर. वेगळ्या पळ्या, वेगळे हात, टेबल एक. याबद्दल कुणाला एक शब्द बोलावा लागला नाही, आणि टेबल नीट मांडलेलं असण्याचा मोठा भाग मला हाच वाटतो.

आधी हॉलमध्येच गराडू, एक कंद. माळव्यात थंडी आली आणि गराडू तळला नाही असं घर सापडायचं नाही. बाहेरून कडक, आतून मऊ, वर जीरावन मसाला आणि लिंबू. द्रोणात देऊन हॉलमध्येच संपवला, म्हणजे टेबलावर त्याची गर्दी झाली नाही.

पुऱ्या मात्र प्रार्थनेनंतरच तळायला घेतल्या. लालबागच्या होळकर वाड्याचं स्वयंपाकघर खान नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि जेवण भुयारातून आणत, असं सांगतात. धूर आणि वास वाड्यात येऊ नयेत हे खरं, पण ते ऐकलं की मला नेहमी त्या आचाऱ्यांची काळजी वाटते. आठ-दहा अंशांच्या रात्री इतक्या लांबून आलेली पुरी कशी पोचत असेल? आमचं स्वयंपाकघर टेबलापासून सहा पावलांवर आहे, तरी थंडीत ती चार मिनिटांत मलूल होते. म्हणून मुलगा आणि त्याचे बाबा तळणीवर होते आणि पुरी कढईतून थेट ताटात. त्यांची जेवणं दुसऱ्या फेरीत, तेव्हा मी आणि काकूंचा मुलगा कढईवर गेलो.

प्रार्थना काकूंनी म्हटली, मराठीत, वडिलांची म्हणून जी लक्षात होती ती. पांढरी मेणबत्ती त्यांच्या नातीनं लावली. सासूबाईंनी हात जोडले होते. मग काकूंनी ताटाकडे पाहिलं, डाव्या बाजूची चटणी, वरचं मीठ, आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या." ते खरं तर यजमानीण म्हणून मी म्हणायचं होतं. त्यांनी म्हटलं याचा मला इतका आनंद झाला की मी पुढे काही बोललेच नाही.

नावांच्या चिठ्ठ्या मुलांनी लिहिल्या होत्या, बाग प्रिंटच्याच उरलेल्या कतरणीवर पांढरा कागद चिकटवून. कोण कुठे बसायचं हे आधी ठरलेलं असलं की दारात ताटकळणं होत नाही, आणि कमी बोलणारी माणसं जास्त बोलणाऱ्यांच्या शेजारी बसवता येतात. काकूंचा मुलगा आणि माझे सासरे, दोघेही मितभाषी, त्यांना मी मुद्दाम लांब बसवलं. जेवणानंतर हात धुवायला काकूंना उठावं लागू नये म्हणून कोमट पाण्याचं तस्त, त्यात लिंबाच्या चकत्या, त्यांच्याच जागेवर नेलं. ते पाहून सासूबाईंनीही मागितलं. मग ते सगळ्या टेबलाभोवती फिरलं.

केक आणि फराळ एकाच वेळी आले. ताटं उचलली, कापडावरचा चुरा झटकला, आणि मध्ये एक परात भरून करंज्या-चकल्या, शेजारी केक. त्याच वेळी प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक क्रॅकर ठेवला. टॉम स्मिथ नावाच्या लंडनच्या मिठाईवाल्यानं १८४० च्या दशकात हा प्रकार काढला, दोन्ही टोकांनी ओढला की फट् होऊन उघडणारी कागदी नळी. आमचे घरी केलेले, पुठ्ठ्याच्या नळीला पतंगी कागद गुंडाळून, टोकांना दोरा. फट् होत नाहीत, पण दोघांनी मिळून ओढावे लागतात, आणि ओढताना माणसं एकमेकांच्या डोळ्यांत बघून हसतात. आत तिळाच्या गजकचा तुकडा, कागदी मुकुट, आणि विनोदाच्या जागी मराठी कोडं. कोडी सासूबाईंनी सांगितली, लिहिली माझ्या मुलीनं. मुकुट घालायला सासरे तयार नव्हते. काकूंनी घातल्यावर घातला.

काकूंच्या धाकट्या नातवाच्या क्रॅकरमधून निघालं, "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे." तो इथल्या शाळेत हिंदीत शिकतो, चिरे म्हणजे काय हे आधी त्याला सांगावं लागलं. वाडा, विहीर, किल्ला, राजवाडा, सगळं म्हणून झालं, गजक चावत चावत. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे उत्तर दाबून बसले होते. शेवटी काकूंनी मुकुट सावरला आणि लांबूनच म्हणाल्या,

"जीभ बाहेर काढ बघू. हां, तीच!"